बास्केटबॉलच्या मैदानावरचा सोंगाड्या

बीड, प्रतिनिधी

कांद्याची जाळीदार गोणी, कपडे अडकवायचा तारेचा हँगर आणि आटीव दुधाचा रिकामा डबा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात विल्मिंग्टन या गावी १९४० च्या दशकात ११ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाने एवढ्याच सामग्रीवर आपले बास्केटबॉलचे मैदान उभे केले. हँगरची तार वाकवून त्याने रिंग केली, तिला गोणी बांधली आणि सारे झाडाला ठोकले. डबा हाच चेंडू. गावातील चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखविल्या जाणाऱ्या वार्तापटात त्याने 'हार्लेम ग्लोबट्रॉटर्स' या संघाचा खेळ पाहिला होता आणि तो थेट घरी पळत आला होता.

हा मुलगा पुढे मेडोलार्क लेमन या नावाने जगभर ओळखला गेला. बास्केटबॉलचा 'विदूषक राजपुत्र' ही त्यांची उपाधी. २००३ मध्ये त्यांचा समावेश बास्केटबॉलच्या नेस्मिथ 'हॉल ऑफ फेम'मध्ये झाला आणि २७ डिसेंबर २०१५ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी ॲरिझोनात त्यांचे निधन झाले. आयुष्यातील पहिला टप्पा त्यांनी प्रेक्षकांना हसविण्यात घालविला आणि दुसरा मुलांना वाट दाखविण्यात.

बीडच्या वाचकाने या माणसाची ओळख करून का घ्यावी? आष्टी-पाटोद्याच्या बाजूला कांद्याची गोणी घरोघरी सापडेल, हे एक झाले. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्या जिल्ह्यात खेळाचा विचार बहुतांशी एकाच वाटेने होतो. दहावी-बारावीला क्रीडा गुण, त्यानंतर शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण, नाही तर पोलीस वा सैन्यभरती. आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे याच वाटेने आधी सैन्यात गेले, तेथेच त्यांच्यातील धावपटू घडला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३ हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्य व २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्यांनी मिळविले. ही वाट मोलाची आहे यात शंका नाही. पण एका साबळेंमागे जी शेकडो मुले पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांतील जी भरतीत बसत नाहीत त्यांच्या अंगातील खेळाचे पुढे काय होते? प्रमाणपत्र कपाटात जाते आणि मूल उसाच्या फडाकडे किंवा पुण्याच्या कंपनीकडे वळते. खेळातून पदकाखेरीज दुसरे काही घडू शकते का, या प्रश्नाचे एक उत्तर लेमन यांच्या कारकिर्दीत आहे. ते सोपे नाही आणि फुकटचेही नाही.

हार्लेमचा नसलेला संघ

ग्लोबट्रॉटर्सची कथा नावापासूनच गमतीची आहे. हार्लेम ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती. पण संघ जन्मला १९२६ च्या सुमारास शिकागोत आणि हार्लेममध्ये पहिला सामना खेळला तो १९६८ साली. व्यवस्थापक एब सेपरस्टीन लंडनमध्ये जन्मलेले, ज्यू कुटुंबातील, जेमतेम सव्वापाच फूट उंचीचे. खेळाडू कृष्णवर्णीय आहेत हे गावोगावच्या आयोजकांना आधीच कळावे म्हणून 'हार्लेम' आणि संघ जग फिरून आल्यासारखा वाटावा म्हणून 'ग्लोबट्रॉटर्स', असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात सारा ताफा एका मोटारीत बसून इलिनॉयमधील हिंक्ली गावी गेला आणि ७ जानेवारी १९२७ रोजी त्यांचा फिरतीवरचा पहिला सामना झाला. आपल्याकडे तमाशाचा फड जसा जत्रांचा माग काढत फिरतो, तसाच हा संघ पुढे वर्षानुवर्षे गावे घेत फिरला.

आरंभी विनोद नव्हता. होता तो फक्त खेळ, आणि तोही अव्वल दर्जाचा. १९४० मध्ये त्यांनी जागतिक व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागो स्टेडियमवर जॉर्ज मायकन यांच्या मिनियापोलिस लेकर्स या बलाढ्य गोऱ्या संघाला त्यांनी ६१-५९ असे हरविले. एरमर रॉबिन्सन यांनी अखेरच्या क्षणी दुरून मारलेला चेंडू बास्केटमध्ये पडला, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या स्पर्धांत टिकणार नाहीत हा समजही निकालात निघाला. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, एनबीए या व्यावसायिक लीगची दारे कृष्णवर्णीयांना उघडली आणि ग्लोबट्रॉटर्सचेच नॅट क्लिफ्टन न्यूयॉर्कच्या संघात गेले.

मग विनोद आला कोठून? गावच्या संघावर शंभरएक गुणांची आघाडी झाली की प्रेक्षक कंटाळून उठत. शिवाय पाहुणे आपल्या पोरांना धुऊन काढतात हे यजमानांना रुचत नसे आणि पुढल्या वर्षीचे आमंत्रण बुडत असे. तेव्हा खेळाडू चेंडू बोटावर फिरवू लागले, पाठीमागून पास देऊ लागले, चेंडू लपवू लागले. लोक हसले. सेपरस्टीन यांनी ते चालू दिले, पण एका अटीवर: आधी आघाडी पक्की करायची, नंतरच सोंग. हा नियम या व्यवसायाचा पाया आहे. रीस 'गूस' टेटम यांनी त्यावर पहिली इमारत उभी केली, तर मार्क्स हेन्स यांनी जमिनीवर लोळत, गुडघ्यावर घसरत चेंडू टप्प्यात ठेवण्याची कला एवढ्या उंचीवर नेली की पाच जण मिळूनही त्यांच्याकडून चेंडू काढू शकत नसत.

दोन बादल्यांचा खेळ

१९५० च्या दशकाच्या मध्यास, टेटम संघातून बाहेर पडत असताना, सैन्यातील नोकरी करून आलेले लेमन संघात दाखल झाले. त्यांचे मूळ नाव मेडो. 'मेडोलार्क' हे माळरानावरच्या एका गाणाऱ्या पक्ष्याचे नाव त्यांनी पुढे धारण केले. १९७८ पर्यंत ते या संघाचे मुख्य सोंगाड्या होते आणि कारकिर्दीत १६ हजारांहून अधिक सामने खेळल्याचे सांगत.

त्यांचा सर्वाधिक गाजलेला प्रकार बादलीचा. तो नीट समजून घेण्यासारखा आहे. सामना सुरू असतानाच लेमन एखाद्या सहकाऱ्यावर किंवा पंचावर चिडतात आणि बादली घेऊन त्याच्यामागे धावतात. पाणी अंगावर पडते, समोरचा नखशिखान्त भिजतो आणि प्रेक्षक हसतात. मग दुसरी बादली येते. या वेळी पळणारा थेट प्रेक्षकांच्या रांगेपुढे येऊन थांबतो. लेमन बादली उगारतात, तो खाली वाकतो आणि बादलीतले सारे प्रेक्षकांवर! बायका किंचाळतात, पुरुष हात वर करतात. अंगावर पडतात ते रंगीत कागदाचे कपटे. पहिल्या बादलीत खरे पाणी असल्याखेरीज दुसरीला अर्थ नाही. भीती खरी असावी लागते, तरच सुटकेचे हसू खरे येते. आणि त्या एका क्षणी तिकीट काढून बसलेला माणूस बघ्या राहत नाही, तो खेळात सामील होतो.

बाकीचे प्रकारही याच तत्त्वावर चालत. फ्री थ्रोच्या वेळी चेंडूला ताणणारी दोरी बांधलेली असे. फेकलेला चेंडू निम्म्यातून परत हातात येई. चेंडू जर्सीत लपवून खेळाडू साळसूदपणे उभा राही. सामन्यापूर्वी मैदानाच्या मध्यावर सारे गोल उभे राहून 'स्वीट जॉर्जिया ब्राऊन' या शिट्टीवरच्या धुनेच्या तालावर चेंडू खांद्यावरून, पाठीवरून, पायांमधून फिरवीत. आणि मग अर्ध्या मैदानावरून लेमन एका हाताने डोक्यावरून वळवून चेंडू फेकत आणि तो बास्केटमध्ये पडे. एनबीएमध्ये जाण्यापूर्वी १९५८-५९ चा हंगाम याच संघातून खेळलेले विल्ट चेंबरलेन लेमन यांना आपण पाहिलेल्या अत्यंत विलक्षण खेळाडूंत गणत. चेंबरलेनसारख्याने हे म्हणावे, याचा अर्थ सोंगाखालचे कौशल्य अस्सल होते.

येथे आपला तमाशा आठवल्याशिवाय राहत नाही. गौळणीतील मावशी असो, बतावणीतील उलटसुलट जबाब असो की वगातील राजाची टोपी उडविणारा हवालदार असो, सोंगाड्याला ताल चुकवायचा तर आधी ताल पक्का यावा लागतो. कवलापूरच्या काळू-बाळूंपासून दादू इंदुरीकरांपर्यंत कोणाचेही नाव घ्या, हसविणारा माणूस फडातला सर्वांत तयारीचा असतो. ग्लोबट्रॉटर्सने हेच लाकडी फळ्यांच्या मैदानावर केले.

हरण्याची नोकरी

बतावणीत सोंगाड्यासमोर गंभीर चेहऱ्याने उभा राहणारा दुसरा नट लागतो. ग्लोबट्रॉटर्ससाठी हे काम 'वॉशिंग्टन जनरल्स' या संघाने केले. रेड क्लॉट्झ यांनी तो १९५२ मध्ये उभा केला. क्लॉट्झ हे १९४८ च्या व्यावसायिक विजेत्या बाल्टिमोर संघातील खेळाडू. हरण्यासाठी जन्मलेला माणूस नव्हे. ठरलेले विनोदी प्रसंग सुरू असताना त्यांच्या खेळाडूंनी आड यायचे नाही, एवढाच करार. बाकी वेळ मनापासून खेळायचे, जिंकण्यासाठी खेळायचे, आणि बहुधा हरायचे.

५ जानेवारी १९७१ रोजी टेनेसी राज्यातील मार्टिन गावी हे गणित चुकले. त्या रात्री क्लॉट्झ यांचा संघ 'न्यू जर्सी रेड्स' या नावाने उतरला होता. सोंगाच्या नादात ग्लोबट्रॉटर्सना आघाडी राखण्याचे भान राहिले नाही. शेवटच्या काही सेकंदांत ५० वर्षांच्या क्लॉट्झ यांनी स्वतः बास्केट केले, लेमन यांचा अखेरचा प्रयत्न हुकला आणि १००-९९ असा निकाल लागला. ग्लोबट्रॉटर्सची सलग २,४९५ विजयांची मालिका तुटली. प्रेक्षागृहात टाळ्या नव्हत्या. लहान मुले रडल्याचे सांगितले जाते. सेपरस्टीन यांची जुनी अट मोडली की काय होते, याचा हा धडा. क्लॉट्झ यांचे २०१४ मध्ये निधन झाले. हॉल ऑफ फेममध्ये ग्लोबट्रॉटर्सना २००२ मध्येच संघ म्हणून स्थान मिळाले, पण त्यांच्या हसण्याला पाठ देणाऱ्या या माणसाची कीर्ती तुलनेने कमीच राहिली. प्रस्तुत प्रतिनिधीला या सगळ्या कथेत सर्वाधिक आदर वाटतो तो त्यांच्याविषयी.

हसू कोणाचे, कोणावर?

या व्यवसायावर गंभीर आक्षेपही घेतले गेले आणि ते टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्याने लादलेला असताना हे खेळाडू हजारो गोऱ्यांना हसवीत आणि सामना संपल्यावर त्याच गावात त्यांना राहायला हॉटेल मिळत नसे. नागरी हक्कांची चळवळ जोरात आली तेव्हा अनेकांनी विचारले, की दात काढून हसणारा, वेडेवाकडे चाळे करणारा कृष्णवर्णीय हेच चित्र गोऱ्यांना हवे नाही का? पुढे बॉस्टनचे महान खेळाडू ठरलेले बिल रसेल यांनाही सेपरस्टीन यांनी बोलावले होते. त्या भेटीत सेपरस्टीन व्यवहाराचे बोलले ते रसेल यांच्या प्रशिक्षकाशी. रसेल यांच्या वाट्याला आले विनोद. रसेल यांनी नकार दिला. याशिवाय पैशाचा प्रश्न होताच. १९७१ मध्ये खेळाडूंनी संप केला आणि १९७८ मध्ये लेमनही संघातून बाहेर पडले ते करारावरील वादानंतर.

बचाव करणारे म्हणत, की नीट पाहा, खेळात मूर्ख कोण ठरतो? प्रत्येक सोंगात पंच फसतो, प्रतिस्पर्धी फसतो. हुशार ठरतो तो कृष्णवर्णीयच. ऑगस्ट १९५१ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर, जेथे हिटलरसमोर जेसी ओवेन्स धावले होते तेथे, ग्लोबट्रॉटर्सचा खेळ पाहायला सुमारे ७५ हजार लोक आले आणि त्यांच्यासमोर ओवेन्स यांना पुन्हा आणण्यात आले. १९५९ मध्ये हा संघ शीतयुद्धाच्या ऐन भरात मॉस्कोत खेळला. १९८५ मध्ये लिनेट वुडर्ड ही ऑलिम्पिक विजेत्या संघाची कर्णधार ग्लोबट्रॉटर्समध्ये आली आणि पुरुषांच्या या संघात स्त्री खेळू लागली. १९९३ मध्ये तर जुने खेळाडू मॅनी जॅक्सन यांनीच संघ विकत घेतला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्याकडे तमाशा कलावंतांच्या वाट्याला टाळ्याही आल्या आणि अवहेलनाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा पेच वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा डाव

खेळाडूचे शरीर चाळिशीत थकते, मग पुढे काय? संघ सोडल्यावर लेमन यांनी 'बकेटियर्स', 'शूटिंग स्टार्स' असे स्वतःचे विनोदी संघ काढले. १९८६ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि शाळा, मुलांची शिबिरे असा त्यांचा फिरता क्रम सुरू झाला. पुस्तकी उपदेश कोणी ऐकला नसता. पण बोटावर चेंडू फिरविणाऱ्या आजोबांभोवती मुले गोळा होत आणि चेंडू थांबला की ती ऐकण्याच्या मनःस्थितीत असत. खुद्द ग्लोबट्रॉटर्स संघही सामन्यांबरोबर शाळांमध्ये जातो; वर्गातील दादागिरी रोखण्यासाठीचा त्यांचा कार्यक्रम २०११ पासूनचा आहे. गावात सामना असेल तर खेळाडू आधी शाळेत जातात, हसवतात, आणि त्याच हशात एखाद्या मुलाला चिडवणे म्हणजे त्याला एकटे पाडणे कसे असते ते दाखवून देतात.

महाराष्ट्रात याच्या जवळची उदाहरणे आहेत, मात्र दोन वेगवेगळ्या अंगणांत विखुरलेली. मुलांना हात देण्याचे अंग नागपुरात दिसते. तेथील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. 'झुंड' हा नागराज मंजुळे यांचा २०२२ चा चित्रपट त्यांच्यावरच बेतला आहे. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेली 'मॅजिक बस' ही संस्थाही खेळातूनच मुलांपर्यंत पोहोचते. हसविण्याचे अंग पाहायचे तर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाकडे जावे लागते. निळू फुले आणि दादा कोंडके हे दोघेही त्याच कलापथकात वावरले आणि फुले यांनी पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसारख्या कामांना साथ दिली. खेळ आणि सोंग मात्र आपल्याकडे एका मैदानावर क्वचितच आले. डोंबाऱ्याच्या दोरीवर ते होते, पण त्या कसरतीला आपण कधी खेळ मानलेच नाही.

म्हणून बीडच्या एखाद्या मुलाने वा मुलीने उद्या हीच कारकीर्द करायची ठरविली, तर तयार चाकोरी नाही, हे आधीच सांगायला हवे. पगार देणारा असा संघ महाराष्ट्रात नाही. पण गुणांचा उपयोग आहे. ऊसतोडीला आई-वडील गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालविली जातात. दिवाळीनंतरच्या त्या लांबलचक संध्याकाळी तेथे अभ्यास असतो, जेवण असते. खेळ शिकविणारा, तोही हसत शिकविणारा कोणी असेलच असे नाही. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेली, नोकरीची वाट पाहणारी किती तरी मुले जिल्ह्यात आहेत. हे काम त्यांच्या आवाक्यातले आहे. फक्त त्याचे मानधन देणारा माणूस वा योजना शोधावी लागेल, आणि ते मानधन नसेल तर हा उत्साह दोन महिन्यांत संपतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

चेंडू बोटावर कसा फिरतो?

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. रिंग जमिनीपासून १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंचीवर असते. लहान मुलांसाठी ती खाली लावली तर बिघडत नाही. मोठ्या पुरुषांचा चेंडू ७ क्रमांकाचा, महिलांचा ६ क्रमांकाचा. प्राथमिक शाळेतील मुलांना ५ क्रमांकाचा द्यावा, कारण मोठा चेंडू हाताळता न आल्याने मूल खेळच सोडते.

बोटावर फिरविण्यासाठी चेंडू दोन्ही हातांत धरून मनगटांनी त्याला जोराची गिरकी द्यायची, किंचित वर उडवायचा आणि खालून तर्जनी बरोबर मध्यावर आणायची. पहिल्यांदा बोटाचा मऊ भाग, मग चेंडू स्थिर झाला की नखाजवळचे टोक, म्हणजे घर्षण कमी होते. जोरात फिरणारी वस्तू आपला आस सहसा सोडत नाही. भोवरा उभा राहतो त्याच कारणाने चेंडूही उभा राहतो. गती मंदावू लागली की दुसऱ्या हाताने बाजूला हलकी थाप देत राहायचे. बोट ताठ ठेवू नये, चेंडू जिकडे कलेल तिकडे हात थोडा जाऊ द्यावा. पहिल्या दिवशी तो दोन-चार सेकंदांत पडेल आणि जवळ उभी असलेली मुले हसतील. चेंडू उचलून पुन्हा फिरवायचा. जवळ चेंडूच नसेल, तर आटीव दुधाचा डबा मिळतो का ते पाहावे.